जुळ्या कोकरांचा प्रवास : सुंदरबन ते दख्खन

वाडा हा शब्द आपल्या सीमाभागात दोन अर्थांनी नांदतो. एक देशमुख-कुलकर्ण्यांचा दगडी वाडा. दुसरा धनगरांचा, आज या शिवारात तर उद्या पुढच्या, असा फिरता वाडा. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या भागांतील जुन्या मराठी घराण्यांना या दोन वाड्यांचे नाते सांगावयास नको. सुगीनंतर शेतात मेंढ्या बसवावयाच्या, त्याबदली मेंढपाळास धान्य द्यावयाचे, आणि घरातील घोंगडीची लोकर त्याच कळपातून यावयाची, असा हा व्यवहार होता. धनगर मराठी बोले, कुरुब कन्नड. भालकी तालुक्यातील खानापूरच्या मैलार मल्लण्णापुढे मात्र दोघांचेही हात सारखेच जोडले जात. 1956 च्या राज्यपुनर्रचनेने माणसांची दप्तरे बदलली, मेंढ्यांच्या वाटा बदलल्या नाहीत.

सरकारी सेवेत असताना दुष्काळाचे पंचनामे करण्याचे काम आमच्याकडे अनेकदा आले. आम्हांस मिळणाऱ्या तक्त्यात पिके, विहिरी, बैल, म्हशी यांचे रकाने असत. मेंढी 'इतर' या सदरात जाई. तो रकाना आम्हीही निमूटपणे भरला. निवृत्तीनंतर त्या 'इतर' सदरातील प्राण्याचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की जगातील नामांकित प्रयोगशाळांनी या प्राण्यासाठी शतकभर डोके शिणवले आहे.

आपली दख्खनी मेंढी बहुधा काळी, भरड लोकरीची, काटक आणि चालण्यात चिवट. तिचे एकच उणे मेंढपाळास जाणवे : ती एका वेळी बहुधा एकच कोकरू देते. गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा. त्या एका कोकरास लांडग्याने नेले अथवा रोगाने ओढले, की मेंढीचे ते वेतच फुकट गेले. सरकारी प्रयत्न प्रथम वळले ते लोकरीकडे. मेरिनो आणि रॅम्बुये या परदेशी जातींशी संकर करून तलम लोकर मिळवावी, असा तो विचार होता. परंतु परदेशी रक्ताला आपले ऊन, काटेकुटे आणि रोजची पायपीट मानवली नाही. पुढे लोकरीलाच भाव उरला नाही आणि मेंढपाळाचा संसार मांसाच्या बाजारावर येऊन ठेपला. मग प्रश्न लोकरीचा न राहता कोकरांचा झाला.

अधिक कोकरे मिळवण्याचा एक मार्ग प्रयोगशाळेतून जातो. 1890 साली केंब्रिजच्या वॉल्टर हीप यांनी एका सशिणीचे भ्रूण दुसरीच्या उदरात वाढवून दाखविले. 1934 मध्ये अमेरिकेत मेंढीवर असाच प्रयोग साधला. पुढे 1960 च्या दशकाच्या आरंभी केंब्रिजच्या संशोधकांनी मेंढीचे भ्रूण जिवंत सशिणीच्या बीजवाहिनीत ठेवून इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेस धाडले आणि तेथील मेंढ्यांनी त्यांची कोकरे जन्मास घातली! भ्रूण गोठवून साठविण्याची विद्या 1970 च्या दशकात हाती आली, तेव्हा सशिणीची ही पालखी सुटली.

या पद्धतीत उत्तम गुणांची दातामेंढी निवडतात. सुमारे दोन आठवडे संप्रेरकयुक्त स्पंज योनिमार्गात ठेवून तिचे ऋतुचक्र आवरून धरतात; मग बीजकोश चेतविणारे संप्रेरक तीन-चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, उतरत्या मात्रेने टोचतात. एरवी एक-दोन बीजे सुटावयाची, तेथे दहा-पंधराही सुटू शकतात. यासच अतिबीजविमोचन म्हणतात. फलनानंतर सहा-सात दिवसांनी गर्भाशय धुऊन भ्रूण काढतात आणि तितक्याच दिवसांच्या पालकमेंढ्यांत ठेवतात. गाईच्या बाबतीत हे काम शस्त्रक्रियेविना होते. मेंढीची गर्भाशयग्रीवा अरुंद व नागमोडी असल्याने बहुधा पोट उघडावे लागते. शिवाय एकच मात्रा एका मेंढीस फळते, दुसरीस मुळीच नाही. खर्च, शल्यज्ञ, प्रयोगशाळा हे सारे पाहता, उंच जातीचे निवडक जनावर वाढविण्यास ही विद्या थोर. फिरत्या वाड्याच्या दारी ती कशी पोचावी?

दुसरा मार्ग निसर्गाने आधीच आखून ठेवला होता. बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची खुजी मेंढी आहे. दलदलीत चरणारी ही मेंढी जुळी-तिळी सहज देते. 1790 च्या दशकात कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या. दीडशे वर्षांनी न्यू साउथ वेल्समधील बुरूला नावाच्या मळ्यावर, सीअर्स बंधूंच्या कळपात, विलक्षण प्रसवणाऱ्या मेरिनो मेंढ्या आढळल्या. हा गुण एकाच जनुकाचा, असे 1980 च्या सुमारास सिद्ध झाले; 2001 मध्ये त्या जनुकातील नेमका बदल सापडला; आणि 2002 मध्ये तोच बदल गरोळमध्येही असल्याचे प्रसिद्ध झाले. बुरूलाचे माहेर बंगाल असावे, या तर्कास त्यामुळे बळ आले.

ही गरोळ दख्खनास आणली ती सातारा जिल्ह्यातील फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने. बी. व्ही. निंबकर यांनी 1968 साली ती स्थापिली. त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी मेंढ्यांचे काम उभारले. इरावती कर्वे यांच्या त्या नात, हे आपल्या वाचकांस कळावे म्हणून नोंदवितो. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातील विद्यापीठे यांच्या साहाय्याने, रक्ताच्या थेंबावरून जनुक ओळखून, पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली. गरोळचे जनुक घेऊन अंग दख्खनीचेच राहील असे वाण निपजले. त्यास 'नारी सुवर्णा' म्हणतात. पुढे ते कर्नाटकातही पोचले. इंजेक्शनाने जे एका ऋतुचक्रापुरते घडते, ते थोड्या प्रमाणात या मेंढीत आयुष्यभर आपोआप घडते, आणि मुलीबाळींकडे वारशानेही जाते.

तरीही जुळे म्हणजे दोन तोंडे. एका आचळाचे दूध दोघांत वाटले जाते, गाभण मेंढीस वरचा खुराक लागतो आणि अशक्त कोकरास खांद्यावर न्यावे लागते. चारा सरलेल्या वर्षी हे वरदान ओझे होऊ शकते. म्हणूनच जनुकाची एकच प्रत असलेली, बहुधा जुळे देणारी मेंढी आपल्या माळास मानवते. दोन प्रती असल्यास तिळ्यांचा संभव वाढतो आणि दख्खनीचे दूध तेथे अपुरे पडते. फलटणच्या मंडळींनी मेंढपाळांच्या कळपांतच हे वाण जोखले, यात त्यांचे शहाणपण आम्हांस दिसते.

2004 च्या कायद्याने कर्नाटकाचे पशुविज्ञान विद्यापीठ बीदर येथेच आले. ज्या जिल्ह्याच्या माळावरून हे कळप शतकानुशतके गेले, तेथेच त्यांची विद्या बसली, हा योग लहान नव्हे. मात्र कुरणे नांगराखाली जात आहेत, गायराने आक्रसत आहेत, आणि मेंढ्या बसविणाऱ्या जमिनींवर रासायनिक खते पडत आहेत. चरावयास वाटच उरली नाही तर जुळे देणाऱ्या जनुकाचे करावयाचे काय? त्या वाटेच्या दोहो बाजूंस अजूनही आपल्यापैकी अनेकांच्या जमिनी आहेत. यंदाच्या सुगीनंतर एखादा वाडा बांधावर येऊन थांबला, तर त्यास 'इतर' समजून पुढे धाडू नये, इतकेच एका जुन्या कारकुनी हाताचे प्रायश्चित्त म्हणून आम्ही येथे लिहून ठेवतो.