दरवाजा झाला, महाल राहिला!

मंडळी, 'बडा घर पोकळ वासा' ही म्हण आपण उठताबसता वापरतो. आज अशा ठिकाणाची गोष्ट सांगतो, जिथे वासा पोकळ निघायचाही प्रश्न आला नाही. कारण घरच झालं नाही, नुसता दरवाजा झाला.

हे ठिकाण आयर्लंडमध्ये आहे. वॉटरफर्ड काउंटीत लिझमोर नावाचं छोटं गाव आहे, त्याच्या जवळ बॅलिसॅगर्टमोर. आर्थर कीली-अशर हा तिथला जमीनदार, हजारो एकरांचा धनी. १८३० च्या दशकात त्यानं नवा किल्लेवजा महाल बांधायचं ठरवलं. भावानं जवळच स्ट्रॅन्कलीला नवा कॅसल बांधला होता आणि जावेचं ते वैभव आर्थरच्या बायकोला बघवेना, असं तिकडे सांगतात. म्हणजे भाऊबंदकी काही फक्त आपल्याकडेच नाही!

काम सुरू झालं ते प्रवेशापासून. आपल्या वाड्यांना जशी देवडी असते, तशी तिकडच्या इस्टेटींना 'गेट लॉज' असायची. फाटकाला लागून छोटी इमारत आणि त्यात राखणदाराचं कुटुंब. रात्री-अपरात्री बग्गी आली की उठून फाटक उघडायचं, हे त्यांचं काम. रस्ता दोन्ही बाजूंनी दिसावा म्हणून खिडकी पुढे काढलेली. इमारत लहान, पण नखरा मोठा. कारण आत महाल कसा असेल, याचा अंदाज येणाऱ्यानं या लॉजवरूनच बांधायचा. १८३३ साली जॉन लाउडन यांनी घरांच्या नमुन्यांचा जाडजूड कोशच काढला. अशा पुस्तकांतून नमुना निवडायचा आणि गवंडी लावायचे, असा तो काळ.

यातली एक गंमत बघा. शोभेसाठी कित्येक ठिकाणी फाटकाच्या दोन्ही बाजूंना एकसारख्या दोन खोल्या बांधत. बाहेरून जोडी झकास दिसायची. पण कुटुंब एकच! मग स्वयंपाक या बाजूला आणि झोपायचं त्या बाजूला. पावसात पोरंबाळं घेऊन रस्ता ओलांडायचा. मालकाची शोभा झाली, राखणदाराचे हाल झाले.

बॅलिसॅगर्टमोरला तर एका देवडीवर भागलं नाही. एका ठिकाणी बुरुजांची टोकदार कमान. दुसऱ्या ठिकाणी ओढ्यावर दगडी पूल आणि त्याच्या दोन्ही टोकांना पुन्हा बुरूज. आराखडा मालकाच्या मुख्य माळ्यानं केला, असं सांगितलं जातं. बघणाऱ्याला वाटावं, आता पुढच्या वळणावर केवढा राजवाडा दिसणार! पण पैसा इथेच संपला. महाल झालाच नाही. कुटुंब राहिलं जुन्याच घरात.

आता हा पैसा कुणाचा? जमीनदाराचं उत्पन्न म्हणजे कुळांनी भरलेला खंड. म्हणजे बुरुजाचा एकेक दगड त्या कुळांच्या घामातून आला.

आणि दहा-बारा वर्षांतच, १८४५ साली, बटाट्यावर रोग पडला. गरिबाचं अन्नच ते. पुढच्या काही वर्षांत आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि साथीनं मेली. त्याहून जास्त देश सोडून गेली. त्यात कायदा असा, की चार पौंड किंवा त्याहून कमी मूल्याच्या जमिनीवरचा गरीब-मदतीचा कर जमीनदारानं भरायचा. मदत गरिबाला मिळावी म्हणून केलेला कर! पण बऱ्याच जमीनदारांनी सोपा हिशेब केला, की कुळच हाकललं तर कर कशाला भरायचा? कीली-अशरचं नाव तिथल्या इतिहासात राहिलं ते याच कारणानं. ऐन दुष्काळात त्यानं कुळांना घराबाहेर काढलं. पाहुण्यांसाठी ज्यानं दोन-दोन दरवाजे उभारले, त्यानं घामाच्या धन्यांना दार बंद केलं.

पुढे इस्टेट विकली गेली. ते जुनं घरही गेलं. आज तिथे झाडी आहे, ओढा आहे आणि मधोमध ते बुरूज. लोक फिरायला जातात, फोटो काढतात. बांधकाम देखणं आहे, यात वाद नाही. पण ज्यांच्या खंडातून ते उभं राहिलं, त्यांच्या झोपड्यांचा फोटो कुणी काढू शकत नाही. त्या उरल्याच नाहीत. इतिहासात हे नेहमीचंच. दगडाचं टिकतं, मातीचं विरघळतं. म्हणून जुनी इमारत बघताना ती कुणी बांधली एवढंच विचारून थांबू नये. पैसे कुणी भरले, हेही विचारावं.

हे आत्ता का लिहिलं, ते चाणाक्ष वाचकांना सांगायला नको. आपल्याकडेही गावोगाव स्वागत कमानी उभ्या राहतायत. कमानीला विरोध नाही. फक्त पुढच्या वेळी कमानीखाली सेल्फी काढून झाला, की दोनशे पावलं आत चालत जा. रस्ता, गटार, नळाचं पाणी, शाळेचं छप्पर बघा. आणि तुमच्या गावात कमानीच्या आत काय आहे, ते खाली कमेंटमध्ये जरूर लिहा.