काचेवरचा हात

या मालिकेत आपण लढायांवर बोललो, नकाशांवर बोललो. आजचा विषय घरातला आहे. टेबलावरचा फ्लॅटबेड स्कॅनर. आपण त्यावर आधार कार्ड ठेवतो, बटण दाबतो आणि विसरून जातो. पण जगात अनेक कलाकार याच काचेवर पानं, फुलं, कापड, कधी स्वतःचा चेहरा ठेवून चित्रं करतात. ही कला म्हणायची की नुसता खेळ? मी फौजी माणूस. आधी इतिहास सांगतो, निकाल तुम्ही द्या.

कॅमेऱ्याशिवाय चित्र उमटवणं नवीन नाही. 1842 मध्ये जॉन हर्शेल यांनी सायनोटाइपची रीत शोधली. रसायन लावलेला कागद उन्हात धरला की निळा होतो आणि वर ठेवलेल्या वस्तूची जागा पांढरी राहते. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी समुद्रातलं शेवाळ अशा कागदावर ठेवून पुस्तक काढायला सुरुवात केली. आमचे इंजिनिअर ज्यांना ब्लूप्रिंट म्हणायचे, ते निळे नकाशे याच रीतीचे. म्हणजे एकच रीत इमारतीच्याही कामाची आणि शेवाळाच्या चित्राच्याही.

संगणकाला जोडलेला स्कॅनर आला 1957 मध्ये. अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी फिरत्या नळकांड्यावर एक फोटो लावला आणि तो संगणकात घेतला. आडवे 176 आणि उभे 176 ठिपके, म्हणजे सगळे मिळून 30,976. आज मोबाईलमधला साधा फोटोसुद्धा याच्या शेकडो पट मोठा असतो. पण फोटो कोणाचा होता? कर्श यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचा. सरकारी कचेरीतलं यंत्र, पण त्यात आधी फाईल नाही गेली, लेकरू गेलं.

1959 मध्ये झेरॉक्सचं 914 हे मशीन आलं आणि पुढे कचेऱ्या झेरॉक्सवर चालू लागल्या. 1970 मध्ये शिकागोच्या कलाशाळेत सोनिया शेरिडन यांनी अशा यंत्रांवर कला शिकवणारा विभागच सुरू केला. नक्कल करणाऱ्या यंत्राकडून अस्सल काम करून घ्यायचं, ही तिथली शिकवण.

आता स्कॅनरचं काम समजून घेऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. कॅमेरा सगळं दृश्य एका क्षणात टिपतो. स्कॅनर तसं करत नाही. काचेखाली दिव्याची पट्टी सरकते आणि यंत्र एकेक ओळ वाचत जातं. एका इंचात 300 ठिपके धरले, तर ए-फोर कागदाच्या साधारण 3,500 ओळी होतात आणि प्रत्येक ओळ वेगळ्या क्षणाची असते. काचेला टेकलेलं स्पष्ट दिसतं, जरा वर राहिलेलं अंधारात बुडतं. वस्तू हलली तर चित्र लांबतं, वाकतं.

हे मला ओळखीचं वाटलं, कारण नोकरीत काही काळ उपग्रहाची चित्रं नकाशांशी ताडून पाहण्याचं काम माझ्याकडे होतं. 17 मार्च 1988 रोजी आपला आयआरएस-1ए बायकोनूरहून उडाला. त्यावरचे लिस कॅमेरे जमिनीची एकेक ओळ टिपायचे. पुढची ओळ आणायला वेगळं काही फिरवावं लागत नसे, उपग्रह स्वतःच पुढे सरकत असे. म्हणजे तो आकाशातला स्कॅनरच, आणि काचेच्या जागी सगळा भारत!

आता दिल्लीकडे येऊ. अमृता शेरगिल यांची चित्रं इथे जयपूर हाउसमध्ये, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. त्या 1941 मध्ये गेल्या. त्यांचा भाचा, दिल्लीचे चित्रकार विवान सुंदरम, जन्मले 1943 मध्ये. मावशी त्यांनी पाहिलीच नाही. पण आजोबा उमराव सिंग यांनी घरच्यांचे असंख्य फोटो काढून ठेवले होते. 2001-02 मध्ये विवान यांनी ते फोटो संगणकात घेतले, एकमेकांत मिसळले आणि वेगवेगळ्या काळातली माणसं एका चौकटीत आणली. ‘री-टेक ऑफ अमृता’ ही ती मालिका. न भेटलेल्या मावशीला त्यांनी अशी भेट घेतली. काचेवर थेट वस्तू ठेवण्यापेक्षा ही रीत वेगळी, पण जुना कागद संगणकात शिरल्यावर नक्कल होऊनच थांबला पाहिजे असं नाही, हे मला त्यातून कळलं.

मला ते कळायला उशीर झाला. निवृत्तीनंतर नोएडात राहायला आलो तेव्हा आईही साताऱ्याहून आमच्याकडे आली. तिला कंपवात होता. एका दुपारी मी वडिलांची जुनी पत्रं स्कॅन करत होतो. ती शेजारी बसली होती. म्हणाली, “यात माझा हात येईल का रे?” आणि तिने पंजा काचेवर ठेवला. दिवा सरकू लागला. मी सवयीने हुकूम सोडला, “आई, हलवू नकोस.”

ती म्हणाली, “मी नाही रे हलवत. तो हलतो.”

चित्र आलं ते लाटा उठलेलं. बोटांच्या कडा नागमोडी, बांगडीच्या काठाला लाल-हिरव्या रेघा. तिन्ही रंग किंचित वेगळ्या वेळी टिपले जातात, म्हणून हलत्या वस्तूला अशा रेघा येतात. मी म्हटलं, स्कॅन बिघडला, पुसून टाकतो. बायको म्हणाली, राहू दे.

आई जाऊन आता सहा वर्षं झाली. अल्बममधल्या प्रत्येक फोटोत तिचा हात शांत आहे, कारण कॅमेऱ्याने एकच क्षण घेतला. शेवटच्या वर्षांत मी रोज धरायचो तो हात तसा नव्हता. तो थरथरायचा आणि ती थरथर फक्त त्या बिघडलेल्या स्कॅनमध्ये आहे. यंत्राला पंधरा-वीस सेकंद लागले, ते सगळे त्यात उतरले आहेत.

त्याला कला म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी मात्र तो छापून भिंतीवर लावला आहे. तुमच्या घरी कोणी थकलेलं माणूस असेल, तर पुढच्या वेळी कागदपत्रं झाल्यावर झाकण लगेच बंद करू नका. त्यांना विचारा, हात ठेवता का म्हणून. आणि हलला तर हलू द्या.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.