शिवणकामाची मासिके : रद्दी की दप्तर?

इंदुरातील जुन्या मराठी घरांचे पत्ते गेल्या काही दशकांत पुष्कळ बदलले. राजवाड्याच्या आसपासचे, जुन्या इंदुरातले आणि रामबागेतले वाडे एकेक करून मोडले, वाटण्या झाल्या, आणि बरीच मंडळी शहराच्या पूर्वेकडील वसाहतींत राहावयास गेली. खजराना हे त्यांपैकीच एक ठिकाण. गणपतीचे देऊळ आणि नाहरशाह वली यांचा दर्गा यांमुळे प्रसिद्ध असलेले हे एके काळचे खेडे आज चहूबाजूंनी इमारतींनी वेढले गेले आहे. वाड्याच्या माळ्यावर जे सुखाने पन्नास वर्षे पडून राहिले, त्याला दोन खोल्यांच्या सदनिकेत जागा नसते. घर हलविताना दोन गोष्टी हमखास खाली येतात. एक म्हणजे सुतळीने बांधलेले मासिकांचे गठ्ठे, आणि दुसरी म्हणजे गोधड्या. पहिली वस्तू रद्दीवाल्याकडे जाते, दुसरी मोलकरणीला दिली जाते किंवा पुसण्याच्या फडक्यांत जमा होते.

अशा वेळी घराघरांतून एक प्रश्न विचारला जातो. शिवण, विणकाम, भरतकाम शिकविणारी ही मासिके जपून ठेवावीत काय, आणि आज तशी मासिके विकत घेण्यात काही अर्थ उरला आहे काय? प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. आमच्या मते तो इतिहासाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर माळ्यावरून एकदमच खाली उतरलेल्या या दोन वस्तूंच्या परस्परसंबंधात आहे.

प्रथम बाहेरच्या जगाकडे पाहू. शिवणकाम आणि छापखाना यांची सांगड अमेरिकेत फार लवकर पडली. 'गोडीज लेडीज बुक' हे स्त्रियांचे मासिक 1830 साली निघाले आणि सुईकामाचे नमुने घरोघर पोहोचवू लागले. 1863 साली बटरिक या शिंप्याने निरनिराळ्या मापांचे कागदी बेतकाप विकावयास काढले. 1928 पासून 1961 पर्यंत 'कॅन्सस सिटी स्टार' हे वृत्तपत्र गोधड्यांचे नमुने छापीत असे. पुढे 1969 साली बॉनी लेमन या गृहिणीने केवळ गोधडीला वाहिलेले 'क्विल्टर्स न्यूजलेटर' सुरू केले. ते सत्तेचाळीस वर्षे चालून 2016 साली बंद पडले. जे नमुने पूर्वी वर्गणी भरून मिळत, ते भ्रमणध्वनीच्या पडद्यावर फुकट दिसू लागल्यावर अशा मासिकांचा पाया खचावा यात नवल नाही.

आपल्याकडे केवळ गोधडीचे मासिक रुजले नाही. मराठीत ही विद्या स्त्रियांच्या सर्वसाधारण मासिकांच्या मागील पानांवर नांदली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1895 साली 'मासिक मनोरंजन' काढून मराठी घरांना दरमहा वाचनाची सवय लावली, आणि 1909 साली त्याचा पहिला दिवाळी अंक दिला. त्याच 1909 साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले, जेथे विधवांना व गरजू स्त्रियांना शिवणकाम हे उपजीविकेचे साधन म्हणून शिकविले जाई. शंकरराव किर्लोस्करांचे 'किर्लोस्कर' 1920 साली आणि 'स्त्री' 1930 साली निघाले. 1960 मध्ये 'मेनका' व नंतर 'माहेर' आले. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत टपालाने येणारे मासिक म्हणजे माहेरचा माणूस होता. कथा-कादंबऱ्यांबरोबर लोकरीच्या स्वेटरचे टाके, क्रोशाची जाळी, उशीच्या अभ्र्यावरची वेलबुट्टी अशी पाने स्त्रियांच्या मासिकांतून येत, आणि ती कापून वहीत चिकटविली जात.

या पानांनी केलेले काम हलके लेखू नये. पहिली गोष्ट भाषेची. सुलट टाका, उलट टाका, साखळी टाका, काजाचा टाका हे शब्द छापले गेल्यामुळे नागपूरची बाई आणि इंदूरची बाई एकच वीण एकाच नावाने ओळखू लागली. दुसरी गोष्ट गणिताची. चौकटीच्या कागदावरचा नमुना वाचणे म्हणजे आलेख वाचणेच होय, आणि ज्या पिढीतील अनेकींची शाळा लग्नामुळे अर्धवट सुटली होती, त्या पिढीने हे गणित मासिकांवरून आत्मसात केले. तिसरी गोष्ट मिळकतीची. घरात उषाचे यंत्र आले की शेजारणीचे पोलके शिवून चार पैसे मिळत, आणि ते पैसे बाईच्या स्वतःच्या हातात राहत.

आता उणी बाजू पाहू. या सर्व पानांत स्वेटर होते, अभ्रे होते, टेबलावरचे रुमाल होते. ज्या गोधडीवर ते मासिक वाचता वाचता झोप लागे, ती गोधडी मात्र क्वचितच होती. याचे कारण शोधणे अवघड नाही. मासिक नमुना विकते, आणि गोधडीला नमुना नसतो. तिची घडण घरात त्या वर्षी कोणते कापड विरले यावर ठरते. दुसरे कारण सामाजिक आहे. लोकर विणणे हे शिकलेल्या बाईचे लक्षण मानले गेले, आणि जुनेराला टाके घालणे हे काटकसरीचे, किंबहुना गरिबीचे. अनेक घरांत गोधडी मजुरीने शिवून देणारी बाई दुपारी ओटीवर येऊन बसे. ती मासिकाची वाचक नव्हती. त्यामुळे तिची विद्या मासिकात आली नाही.

वस्तुतः ती विद्या साधी नव्हती. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट कापड. त्याचे चार समान भाग केले तर प्रत्येक भाग पावणेसात फुटांचा होतो, म्हणजे माणूस पाय पसरून निजू शकेल एवढा. दोन भाग शेजारी जोडून वरचा पदर, दोन जोडून खालचा. मध्ये विरलेले धोतर, पंचे, चादरींचे तुकडे. फाटलेल्या जागी ठिगळ, आणि मग कडेपासून आत सरकत जाणारा धावदोरा. टाके फार दूर पडले तर आतील थर धुण्यात गोळा होतात. फार जवळ पडले तर गोधडी ताठरते आणि ऊब कमी होते, कारण ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. माळव्याच्या पौषातल्या रात्रीला किती थर पुरतील हा हिशेब कोठेही लिहिलेला नव्हता. तो हाताला ठाऊक होता. बाळासाठी शिवलेल्या दुपट्याला आजीचे सर्वांत मऊ लुगडे लागे. अहिल्याबाईंच्या काळात भरभराटीस आलेल्या महेश्वरच्या मागांवरील लुगड्यांचे काठ आपल्या जुन्या घरांतील गोधड्यांत अजून सापडतात, आणि त्यांच्या शेजारी इंदूरच्या गिरण्यांचे जाडेभरडे कापडही. हुकुमचंद गिरणी 1991 साली बंद झाली. तिच्या मागावरचे कापड मात्र कित्येक घरांत या थरांमधून अद्याप शाबूत असेल.

या विद्येचा ऱ्हास मासिकांमुळे झाला असे कोणी म्हणणार नाही. नऊवारी गेली, पाच-सहावारी आली. सुती कापड गेले, नायलॉन व टेरिलीन आले. कृत्रिम धाग्याचे लुगडे विरत नाही, घाम शोषत नाही आणि थरावर थर ठेवला तर घसरते. गोधडीचा कच्चा मालच संपला. परंतु जी वस्तू वापरातून जाते तिची निदान नोंद राहावी ही अपेक्षा छापील पानांकडून करता येते, आणि येथे आपली पाने कमी पडली.

नोंदीने काय घडू शकते हे पाहावयाचे तर बंगालकडे पाहावे. तेथील कांथा म्हणजे आपल्या गोधडीची सख्खी बहीण. तीच जुनी लुगडी, तोच धावदोरा. 1929 साली कवी जसीमुद्दीन यांनी 'नक्शी कांथार माठ' हे दीर्घकाव्य लिहिले, ज्यात एक विरहिणी आपली कहाणी कांथेवर टाक्यांनी उमटविते. सरकारी सनदी नोकरीतील गुरुसदय दत्त यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडताना कांथा गोळा केल्या. त्यांच्या पश्चात 1963 साली कलकत्त्याजवळ जोका येथे त्या संग्रहाचे संग्रहालय झाले. 1939 साली स्टेला क्रामरिश या विदुषीने कलकत्त्याच्या एका कलाविषयक नियतकालिकात कांथेवर अभ्यासपूर्ण लेख लिहिला. त्या लेखात बेतकाप नव्हता आणि तो वाचून कोणाला कांथा शिवता आली नसती. परंतु एक काव्य, एका अधिकाऱ्याचा छंद आणि नियतकालिकातील एक लेख यांनी मिळून चिंध्यांच्या पांघरुणाला देशाच्या कलेत स्थान मिळवून दिले. अमेरिकेतही अलाबामातील जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून, कोणत्याही छापील नमुन्याशिवाय शिवलेल्या गोधड्या 2002 साली संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या आणि 2006 साली टपाल तिकिटांवर आल्या.

आपल्या भाषेला गोधडीचे वावडे कधीच नव्हते. सोळाव्या शतकात अंबाजोगाईच्या दासोपंतांनी आपले पंचीकरण चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा पासोडीवर लिहिले. चिंध्यांची गोधडी अंगावर वागविणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडेमहाराज म्हणत. वैराग्याची खूण म्हणून गोधडीला आपण नमस्कार केला. कारागिरी म्हणून तिची चौकशी केली नाही.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, विणकाम-भरतकामाच्या पानांनी स्त्रीला सुईत गुंतवून ठेवले, तेव्हा ती पाने गेली हे बरेच झाले. या आक्षेपात तथ्य आहे. 'स्त्री'च्या संपादनात उमेदीची वर्षे घालविलेल्या विद्या बाळ यांनी 1989 साली 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले, तेव्हा स्त्रियांच्या मासिकाचा मध्यबिंदू विचारविनिमय हा झाला, आणि ते इष्टच होते. पण सुईची सक्ती नाकारणे वेगळे आणि सुईने केलेल्या कामाची नोंदच न ठेवणे वेगळे. ज्या बायकांनी दुसरे काही लिहिले नाही, त्यांचे हस्ताक्षर त्या टाक्यांत आहे. ते फेकून दिले तर त्यांच्या बाजूने बोलावयास कागदच उरत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. सर्व काही पडद्यावर फुकट मिळत असता पैसे का मोजावेत? नमुन्यापुरते बोलावयाचे तर हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. केवळ नमुना हवा असेल तर मासिक घेऊ नये. मात्र पडद्यावरच्या नमुन्याला बहुधा साल नसते, गाव नसते, शिवणारीचे नाव नसते, आणि आज दिसलेले उद्या दिसेलच याची शाश्वती नसते. छापील अंकाला महिना असतो, किंमत असते, जाहिराती असतात. लोकरीचा भाव काय होता, यंत्र हप्त्याने मिळे काय, वाचक-भगिनी कोणत्या गावांहून पत्रे लिहीत, हे सारे त्या एका अंकात कळते. आमची उमेद सरकारी दफ्तरात गेली, आणि तेथे एक गोष्ट पक्की कळली: जी वस्तू बाजारात येत नाही, ती कराच्या वहीत येत नाही. गिरणीच्या गाठी मोजल्या जातात. घरात शिवलेली गोधडी कोणी मोजत नाही. अशा वस्तूंच्या बाबतीत जुने मासिक हेच काय ते दप्तर.

तेव्हा आमचा अभिप्राय असा. जुने अंक रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहावेत. ज्यांच्या समासात टाक्यांचे हिशेब पेन्सिलीने लिहिले आहेत, ज्यांत बेतकापाचा घडीचा कागद शाबूत आहे, ज्यांत आपल्या घरातील कोणाचे पत्र छापले आहे, ते अंक कोणत्याही किमतीला विकू नयेत. नवे मासिक घ्यावयाचे झाल्यास ते कोणाचे काम, कोठले, कसे केले, हे सांगते काय एवढे पाहावे. सांगत असेल तर वर्गणी भरावी, कारण वाचकाच्या वर्गणीवाचून नियतकालिक जगत नाही. आपल्याच शहरात 1927 साली सुरू झालेले 'वीणा' हे हिंदी मासिक संस्थेच्या व वाचकांच्या बळावर किती दीर्घकाळ चालले हे आपण सर्व जाणतो.

1930 हे साल या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या साली सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागद छापून निघू लागले, आणि त्याच साली 'स्त्री'चा पहिला अंक आला. पहिल्यातील पत्रांत आपल्या पूर्वजांच्या स्वाऱ्या आहेत. दुसऱ्यासारख्या मासिकांत त्यांच्या लेकीसुनांचे घर आहे. पंचेचाळीस खंडांचा पहिला संग्रह आपण अभिमानाने कपाटात ठेवतो. 1917, 1935 आणि 2001 अशी तीन साहित्यसंमेलने पाहिलेल्या या नगरीत दुसऱ्या संग्रहालाही एक कपाट मिळावे.

त्याकरिता मोठ्या निधीची गरज नाही. ज्यांच्या घरी जुनी गोधडी आहे, त्यांनी एका कागदावर इतकेच लिहावे: लुगडे कोणाचे, शिवले कोणी, सुमारे कोणत्या साली, थर किती, आणि त्या शिवणीला घरात काय म्हणत. शक्य तर एक छायाचित्र जोडावे. घरातील सर्वांत वडील बाईला हे विचारण्याचे काम येत्या थंडीपूर्वी व्हावे. असे पन्नास कागद सभेकडे जमले, तर या पत्रिकेचा एक अंक त्यांना देता येईल, आणि तो विकत घ्यावा काय असे कोणास विचारावे लागणार नाही.