सन १९६५ चे भारत-पाक हवाई युद्ध : लढाऊ विमाने व वैमानिक यांचा तौलनिक अभ्यास

प्रस्तावना :

सप्टेंबर १९६५ मधील भारत-पाकिस्तान युद्ध जेमतेम तीन आठवडे चालले. १ सप्टेंबर रोजी पाकिस्तानी रणगाडे जम्मूच्या छांब भागात घुसले आणि २३ सप्टेंबरच्या पहाटे शस्त्रसंधी अमलात आली. या अल्पकालीन युद्धाला हवाई इतिहासात मोठे स्थान आहे. १९६२ च्या चीनविरुद्धच्या युद्धात भारताने लढाऊ विमाने वापरली नव्हती. त्यामुळे भारतीय हवाई दलाने शत्रूच्या जेट विमानांशी आकाशात समोरासमोर दिलेला हा पहिलाच मोठा लढा होता. त्या वेळी देशाचे संरक्षणमंत्रिपद यशवंतराव चव्हाण यांच्याकडे होते, तर हवाई दलाचे नेतृत्व एअर मार्शल अर्जन सिंग यांच्याकडे होते.

या युद्धाची चर्चा बहुधा 'सेबर श्रेष्ठ की नॅट ?' या एकाच प्रश्नाभोवती फिरते. विमानांच्या गुणांची तुलना आवश्यक आहे, परंतु ती पुरेशी नाही. कोणत्या वैमानिकाला, कोणत्या विमानातून, कोणत्या कामगिरीवर पाठविले गेले, हे पाहिल्याशिवाय जय-पराजयाचा अर्थ लागत नाही, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रतिस्पर्धी विमाने :

पाकिस्तानी हवाई दलाचा कणा म्हणजे अमेरिकन बनावटीचे एफ-८६ सेबर. या विमानाचे पहिले उड्डाण १९४७ मधील असून कोरियाच्या युद्धात त्याने नाव कमावले होते. त्यात अर्धा इंच व्यासाच्या सहा मशीनगन होत्या. काही सेबर विमानांवर उष्णतेचा वेध घेणारी साइडवाइंडर क्षेपणास्त्रे बसविलेली होती. कमी वेगात चटकन वळण घेण्याची क्षमता हे सेबरचे खरे बळ होते. याशिवाय पाकिस्तानकडे ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणारी एफ-१०४ स्टारफायटर ही मोजकी विमाने होती.

भारताचा ताफा संमिश्र होता. ब्रिटिश बनावटीच्या हंटरवर ३० मिलिमीटरच्या चार तोफा होत्या. सेबरपेक्षा हे विमान वेगवान होते. फ्रेंच मिस्टेअर हे प्रामुख्याने जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ला करण्यासाठी वापरले जाई. नॅट हे विमान आकाराने अगदी लहान होते. त्याच्या पंखांचा विस्तार सात मीटरहूनही कमी, तर सेबरचा सुमारे अकरा मीटर होता. त्यामुळे आकाशात नॅट दिसणेच कठीण जाई. बंगळूर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात त्याची निर्मिती होत होती. मात्र त्याच्या तोफा ऐन वेळी अडकत, ही तक्रार वैमानिकांनी वारंवार केली. मिग-२१ विमाने नुकतीच येऊ लागली होती आणि त्यांची संख्या अत्यल्प होती. या ताफ्यातील सर्वांत जुने विमान म्हणजे व्हॅम्पायर. त्याचे पहिले उड्डाण १९४३ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाले होते.

छांब, १ सप्टेंबर १९६५ :

छांबमधील भूदलाची स्थिती बिकट झाल्यावर १ सप्टेंबर रोजी दुपारी लष्करप्रमुख जनरल जयंतो नाथ चौधुरी यांनी हवाई साहाय्याची मागणी केली. चव्हाणांनी फार वेळ न दवडता संमती दिली. दिवस मावळण्यास थोडाच अवधी होता. पठाणकोट येथे सज्ज असलेली व्हॅम्पायर विमाने चार-चारच्या तुकड्यांनी निघाली आणि त्यांच्यामागून मिस्टेअर विमाने गेली.

पाकिस्तानी स्क्वाड्रन लीडर सरफराज रफीकी आणि फ्लाइट लेफ्टनंट इम्तियाज भट्टी यांच्या सेबर विमानांनी व्हॅम्पायरच्या तुकडीला गाठले. भारताने चार व्हॅम्पायर गमावली. फ्लाइट लेफ्टनंट ए. के. भागवागर, व्ही. एम. जोशी आणि एस. भारद्वाज यांना वीरमरण आले. फ्लाइट लेफ्टनंट एस. व्ही. पाठक हवाई छत्रीच्या साहाय्याने बचावले.

ही लढत विमान विरुद्ध विमान अशी तोलली तर तिचा निकाल आधीच ठरलेला दिसतो. व्हॅम्पायरचा कमाल वेग ताशी सुमारे ८८० किलोमीटर, तर सेबरचा सुमारे ११०० किलोमीटर होता. शिवाय व्हॅम्पायर रणगाड्यांवर मारा करण्यासाठी खाली उतरली होती. त्या उंचीवर वेग नसलेल्या विमानाला निसटण्यास वाव नसतो. या अपयशाचे कारण वैमानिकांच्या कौशल्यात वा धैर्यात शोधता येत नाही. भूदलाला तातडीने साहाय्य हवे होते आणि जवळच्या तळावर जे हाताशी होते ते पाठविण्यात आले. छांबचा धडा हवाई दलाने लगेच घेतला. व्हॅम्पायर विमाने आघाडीवरून मागे घेण्यात आली आणि नॅट विमाने पठाणकोट येथे आणण्यात आली.

हलवारा आणि सरगोधा :

६ सप्टेंबरच्या सायंकाळी रफीकी यांच्या नेतृत्वाखाली तीन सेबर विमानांनी पंजाबातील हलवारा तळावर हल्ला केला. तेथे गस्त घालणारे फ्लाइंग ऑफिसर पी. एस. पिंगळे आणि ए. आर. गांधी यांची हंटर विमाने कोसळली, परंतु दोघेही हवाई छत्रीने सुखरूप उतरले. पाकिस्तानी वृत्तांतानुसार पहिल्या यशानंतर रफीकी यांच्या बंदुका अडकल्या, तरीही ते साथीदारांच्या रक्षणासाठी लढतीत थांबले. फ्लाइट लेफ्टनंट डी. एन. राठोड आणि फ्लाइंग ऑफिसर व्ही. के. नेब यांची हंटर विमाने या झुंजीत उतरली. रफीकी आणि युनूस हुसेन हे दोन पाकिस्तानी वैमानिक मारले गेले. पाच दिवसांपूर्वी छांबवर वरचढ ठरलेला वैमानिक आणि तेच सेबर विमान हलवाऱ्यावर हंटरपुढे टिकले नाही. येथे सेबर आपल्या तळापासून दूर होते आणि हंटर स्वतःच्या तळावर होते.

दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबर रोजी, हीच स्थिती उलट झाली. भारतीय विमाने पाकिस्तानच्या आतील सरगोधा या बळकट तळावर चालून गेली. स्क्वाड्रन लीडर एस. बी. भागवत आणि फ्लाइंग ऑफिसर जे. एस. ब्रार हे हंटर वैमानिक त्या दिवशी परतले नाहीत.

हलवाऱ्यावर विमान गमावलेले पिंगळे लवकरच पुन्हा उड्डाणावर रुजू झाले. १६ सप्टेंबर रोजी त्यांची व फ्लाइंग ऑफिसर एफ. डी. बुनशा यांची हंटर विमाने स्क्वाड्रन लीडर एम. एम. आलम आणि त्यांच्या साथीदाराच्या सेबर विमानांशी भिडली. बुनशा धारातीर्थी पडले. पिंगळे यांनी आलम यांच्या साथीदाराचे सेबर पाडले व त्याचा वैमानिक युद्धकैदी झाला. पिंगळे यांना वीरचक्र प्राप्त झाले. दहा दिवसांच्या अंतराने वैमानिक तोच, विमानाचे प्रकारही तेच, परंतु निकाल वेगळा. केवळ यंत्राच्या तुलनेने या फरकाचे स्पष्टीकरण देता येणार नाही.

दावे आणि पुरावे :

हवाई युद्धात काही सेकंदांत घडलेल्या घटनेचे साक्षीदार मोजकेच असतात. त्यामुळे दोन्ही बाजूंचे दावे ताडून पाहणे हे इतिहासकाराचे पहिले कर्तव्य ठरते. ७ सप्टेंबर रोजी आलम यांनी एक मिनिटाहून कमी वेळात पाच हंटर पाडल्याचा दावा पाकिस्तानने केला. भारतीय नोंदींनुसार त्या तुकडीतील भागवत व ब्रार ही दोनच विमाने गेली. दुसऱ्या तुकडीतील स्क्वाड्रन लीडर ओ. एन. कक्कड यांना यांत्रिक बिघाडामुळे विमान सोडावे लागले व ते युद्धकैदी झाले. याउलट, ३ सप्टेंबर रोजी स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी नॅटमधून पहिले सेबर पाडल्याची नोंद भारताने केली व त्यांना वीरचक्र दिले. पाकिस्तानी वृत्तांतानुसार ते सेबर जबर हानी होऊनही तळावर परतले. तपासणीचा निकष दोन्ही ठिकाणी एकच असला पाहिजे.

स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्या यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ७ सप्टेंबर रोजी मिस्टेअरमधून सरगोध्यावर गेलेले देवय्या परतले नाहीत. त्यांचे काय झाले हे भारतात दीर्घकाळ कोणाला ठाऊक नव्हते. १९७९ मध्ये ब्रिटिश लेखक जॉन फ्रिकर यांचे पाकिस्तानी हवाई दलाच्या बाजूने लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातून एका मिस्टेअरने स्टारफायटर पाडल्याची हकीकत पुढे आली. ते विमान देवय्यांचेच होते, असा निष्कर्ष निघाला आणि १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. कागदावरील तुलनेत मिस्टेअरला स्टारफायटरपुढे काहीच स्थान नव्हते. परंतु कमी उंचीवरील वळणाच्या झुंजीत स्टारफायटरचा प्रचंड वेग निरुपयोगी ठरला. भारतीय वैमानिकाच्या शौर्याचा पुरावा प्रतिपक्षाच्या नोंदीतून मिळावा, ही गोष्ट समकालीन इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

निष्कर्ष :

या विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. सेबर हे उत्तम विमान होते, परंतु अजिंक्य नव्हते. हंटर व नॅट त्याच्याशी बरोबरीने लढू शकत होते. लढतीचा निकाल पुष्कळदा उंची, इंधन, तळापासूनचे अंतर आणि शत्रूची पूर्वसूचना यांवर ठरत असे. दोन्ही बाजूंच्या वैमानिकांनी धैर्य दाखविले आणि दोन्ही बाजूंनी आपल्या यशाची बेरीज वाढवून सांगितली.

या युद्धानंतर स्वदेशी विमान निर्मितीस महत्त्व आले. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकजवळील ओझर येथील कारखान्यात मिग-२१ विमाने तयार होऊ लागली. डिसेंबर १९७१ च्या युद्धात याच प्रकारच्या विमानांनी स्टारफायटरवर मात केली. व्हॅम्पायर सेबरपुढे पाठविण्याची वेळ पुन्हा येऊ नये, या जाणिवेची ही फलश्रुती मानता येईल.

छांबच्या आकाशात कोसळलेल्या वैमानिकांची नोंद पराभवाच्या रकान्यात करून थांबणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. आपल्या विमानाची मर्यादा त्यांना ठाऊक होती. खाली भूदल अडचणीत होते, म्हणून ते गेले. त्यांच्या व्हॅम्पायरची सेबरशी तुलना करताना ही वस्तुस्थिती इतिहासाने नोंदविणे आवश्यक आहे.