शेवटचा तास

बँकेत वीस वर्षं काढली की एक वाक्य पाठ होतं : "साहेब, आम्ही बुडालो!" कर्ज मागायला येणारा हे कधी म्हणत नाही. तेव्हा त्याचा धंदा जोरात असतो. हप्ता मागितला की तो बुडतो. आणि कायद्याचं नाव काढलंत, तर अख्खा देशच बुडतो.

पण हे वाक्य सर्वांत विद्वत्तापूर्ण रीतीने म्हटलं ते नासाऊ सीनियर या ऑक्सफर्डच्या प्रोफेसरांनी. १८३७ साली, आणि तेही दुसऱ्यांच्या वतीने.

त्याचं असं झालं. १८३३ च्या कायद्याने इंग्लंडच्या सूतगिरण्यांत नऊ वर्षांखालची पोरं लावायला बंदी झाली आणि तेरा ते अठरा वयाच्या मुलांना दिवसाला बारा तासांची मर्यादा पडली. (बारा! आमची युनियन कुठे होती तेव्हा?) तेवढ्यावर न थांबता लोक म्हणू लागले, दहाच तास करा. गिरणीवाल्यांच्या पोटात गोळा आला. प्रोफेसर गिरण्या बघून आले आणि त्यांनी सरकारला पत्रातून हिशेबच मांडून दाखवला. भांडवल एक लाख पौंड. पैकी ऐंशी हजार इमारत नि यंत्रांत, वीस हजार कापूस नि मजुरीत. वर्षाचं उत्पन्न एक लाख पंधरा हजार. दिवसाचं काम साडेअकरा तास, म्हणजे तेवीस अर्धे तास. पहिल्या विसांत भांडवल वसूल, एकविसाव्यात यंत्रांची झीज, उरलेल्या दोनांत निव्वळ नफा. सबब, एक तास काटलात की नफा खलास. दीड तास काटलात तर झिजेचेही वांधे!

मी साधा बी.कॉम., तोही सेकंड क्लास. पण अहो प्रोफेसर, गिरणी तासभर कमी चालली तर कापूस कमी लागेल की नाही? तुम्ही त्या तासाचं सूत वजा केलंत, कापूस मात्र खर्चात तसाच ठेवलात. शिवाय ऐंशी हजारांची यंत्रं दरसाल पुरती वसूल करायची, आणि वर त्यांची झीज वेगळी? असा ताळेबंद आमच्याकडच्या शिकाऊ कारकुनानेही परत पाठवला असता.

आणि काम म्हणे इतकं हलकं, की तास लांबले तरी चालतं! तुटलेला धागा सांधायचा, बस्स. सांधणारं पोर रात्री घरी कसं पोचायचं, याला त्या हिशेबात रकाना नव्हता.

१८४७ साली स्त्रिया आणि अठरा वर्षांखालची मुलं यांच्यासाठी दहा तासांचा कायदा झाला. शेवटचा तास गेला. गिरण्या राहिल्या, वाढल्यासुद्धा.

खरी गंमत पुढेच. मुंबईत गिरण्यांची धुराडी उठली आणि लँकेशायरच्या मालकांना मजुरांचा कळवळा आला. मुंबईच्या मजुरांचा! तिथे कायदा हवाच, म्हणू लागले. आमचे मालक म्हणाले, हा आमचा धंदा मारायचा डाव आहे. खोटं नव्हतं ते. पण त्या डावाच्या आड सहा वर्षांचं पोर उभं होतं, त्याला लँकेशायरशी काय देणंघेणं? १८८१ चा कायदा झाला : सात वर्षांखाली काम नको, सात ते बारा वयाला नऊ तास. मोठ्यांच्या तासांबद्दल अवाक्षर नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली सभा भरवून हजारो मजुरांच्या सह्यांनिशी रविवारची सुट्टी मागितली. ती मिळायला १८९० उजाडलं.

एक तास कमी केला तर नफा खलास, मग आठवड्यातला आख्खा दिवस गेल्यावर गिरणीचं काय व्हायचं? विचारायची सोय नव्हती. प्रोफेसर १८६४ सालीच वारले होते.