‘बहिश्ती जेवर’ आणि वयात येण्याचे शिक्षण

वयात येणाऱ्या विद्यार्थ्याला धर्मशिक्षकाने काय सांगावे, हा प्रश्न इस्लामी परंपरेत प्रथमतः धर्मविधीचा आहे. मूल ‘बालिग’ झाले की नमाज व रोजा त्याच्यावर बंधनकारक होतात. हनफी पंथातील रूढ मतानुसार शारीरिक लक्षणे न दिसली तरी चांद्र गणनेची १५ वर्षे पूर्ण होताच व्यक्ती बालिग ठरते. तेव्हा ही लक्षणे विद्यार्थ्याला अगोदर ठाऊक असणे आवश्यक होय. परंतु ‘हया’, म्हणजे लज्जाशीलता, हाही धर्माचाच गुण. या दोहोंची सांगड कशी घातली गेली, हे ‘बहिश्ती जेवर’ या उर्दू ग्रंथावरून दिसून येते.

देवबंद येथे शिकलेले मौलाना अशरफ अली थानवी (१८६३–१९४३) यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुलींसाठी हा दहा भागांचा ग्रंथ सिद्ध केला. पहिल्या भागात अक्षरओळख आहे, तर दुसऱ्यात मासिक पाळीचे नियम आहेत. पाळीचा काळ किमान ३ व कमाल १० दिवसांचा. त्या काळातील नमाज माफ, रोजे मात्र मागाहून भरून द्यावयाचे. स्राव १० दिवसांपलीकडे गेल्यास पूर्वीच्या नेहमीच्या दिवसांवरून निर्णय करावयाचा. अर्थात आपल्या दिवसांची गणना मुलीला स्वतःच ठेवावी लागते.

शिक्षकाला दिलेली सूचना विशेष लक्षणीय आहे. शिकविणारा पुरुष असेल तर त्याने हे विषय स्वतः शिकवू नयेत. पत्नीमार्फत समजावून द्यावेत, किंवा विद्यार्थिनीला ते आपले आपण वाचण्यास सांगावे. शिकणारा लहान मुलगा असल्यास त्यानेही ते पुढे वाचावेत. म्हणजे ज्ञान टाळावयाचे नाही. ते देणारे मुख तेवढे बदलावयाचे. धर्म जाणून घेताना लाज आड येऊ न देणाऱ्या अन्सार स्त्रियांची हजरत आयेशा यांनी केलेली प्रशंसा हदीसमध्ये नमूद आहे. त्याच भूमिकेला येथे अध्यापनपद्धतीचे रूप मिळाले.

या प्रकरणांचा रोख शुद्धाशुद्धतेवर आहे. वयात येणाऱ्या मनाच्या घालमेलीला त्यांत फारसे स्थान नाही, ही मर्यादा मान्य केली पाहिजे. तथापि शिक्षक जेथे थांबतो तेथून पुढे ग्रंथच शिक्षक होतो, आणि त्यासाठी मुलीला वाचता येणे अपरिहार्य ठरते. लज्जेच्या रक्षणासाठी योजिलेला हा मार्ग अशा रीतीने स्त्रीसाक्षरतेचे एक प्रबळ कारण बनला, हे शिक्षणाच्या इतिहासकाराने दुर्लक्षून चालणार नाही.