ठिणगीची वेळ



चढण म्हणजे काय, हे तिगावच्या माणसाला सांगावे लागत नाही. नागपूर-इटारसी लोहमार्गावर येथून चिचोंड्याकडे निघालेली गाडी सातपुड्याचा घाट चढू लागते, तेव्हा इंजिनाची खरी परीक्षा सुरू होते. आज मात्र मला रेल्वेविषयी बोलायचे नाही. हवेने थंड होणाऱ्या जुन्या व्हॅनच्या इंजिनात ठिणगी नेमकी केव्हा पाडावी, एवढाच माझा विषय आहे. तो गॅरेजातला खरा. पण विश्वास कानावर ठेवावा की खुणेवर, हा जुना वाद त्यात दडलेला आहे.

पेट्रोल-हवेचे मिश्रण जळायला क्षणभर वेळ लागतो. म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या थोडे आधीच ठिणगी पडावी लागते. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या इंजिनात एक अंश म्हणजे सेकंदाचा अठरा हजारावा भाग. हा हिशेब प्रथम चालकाच्याच हाती होता. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ मोटारीत सुकाणूच्या चाकाखाली त्यासाठी एक दांडी असे. चढ आला की ती चालकाने स्वतः सरकवायची. पुढे डिस्ट्रिब्युटरमधील वजने आणि निर्वात नळी यांनी हे काम अंगावर घेतले. चालक मोकळा झाला आणि जबाबदारी मिस्त्रीकडे आली.

१९५० साली जर्मनीत फोक्सवॅगनची व्हॅन निघाली. इंजिन मागे, चार सिलिंडर आडवे, आणि पाण्याऐवजी पंख्याची हवा. १९७९ पर्यंत, म्हणजे इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानातील रशियन फौजा यांनी रस्ता बंद करेपर्यंत, अशा व्हॅन युरोपातून खुष्कीच्या मार्गाने हिंदुस्थानात येत आणि गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यावर विसावत. आपल्याकडील गाडी निराळी. पुण्याजवळच्या आकुर्डीहून १९७१ साली बजाजची तीनचाकी मालवाहू गाडी आली, १९७७ साली मागे इंजिन असलेली रिक्षा. ही इंजिने एका सिलिंडरची, दोन स्ट्रोकची. पण पंखा आणि पॉइंट त्यांनाही होतेच.

जर्मन व्हॅनची रीत अशी. इंजिन थंड असावे. प्रथम पॉइंटांतील फट ०.४ मिलिमीटर करावी, कारण फट बदलली की वेळही बदलते. पॉइंटाची टाच झिजून फट कमी झाली, तर ठिणगी उशिरा पडते. मग पुलीवरची खूण इंजिनाच्या दोन अर्धांच्या सांध्याशी आणावी. १५०० सी.सी.च्या व्हॅनला ही खूण माथ्याआधी साडेसात अंशांवर असे. कॉइल व पॉइंट जोडणारी तार आणि बॉडी यांच्यामध्ये एक छोटा दिवा लावावा, डिस्ट्रिब्युटर हलक्या हाताने फिरवावा, आणि दिवा लागेल त्या क्षणी आवळावा. बजाजच्या इंजिनात पॉइंट मॅग्नेटच्या आत असल्याने चकतीच्या खिडकीतून पाहत आतली प्लेट सरकवावी लागे. दिवा नसला तर आपले मिस्त्री सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटांत धरीत. तो सुटला की पॉइंट उघडला. ही युक्ती मला दिव्याइतकीच प्रामाणिक वाटते, कारण तीही खुणेशीच बांधलेली आहे.

कानाचे तसे नाही. ‘आवाजावर टायमिंग’ लावणारा कारागीर आपल्याकडे वंदनीय मानला गेला. पण ठिणगी थोडी आधी पडू लागली की रिकामे इंजिन हलके आणि चपळ वाटते, आणि कान तेथेच फसतो. गॅरेजात गाडी रिकामी असते. वैशाखात संत्र्यांच्या नव्हे, तर सिमेंटच्या गोण्या लादून तीच गाडी चढाला लागली, की मिश्रण वेळेआधी भडकू लागते. त्याचे ठोके पंख्याच्या घोंघाटात ऐकू येत नाहीत. पाण्याच्या इंजिनात निदान वाफ निघून इशारा देते. येथे तो निरोप्याच नाही. पिस्टन जाम होतो किंवा त्याला भोक पडते, तेव्हाच मालकाला कळते.

जर्मन अभियंत्यांनीही कानावर भिस्त ठेवली नव्हती. तेल थंड करणारे यंत्र तिसऱ्या सिलिंडरच्या वाऱ्यात आडवे येत असल्याने त्या काळच्या अनेक डिस्ट्रिब्युटरांत त्या एकाच सिलिंडरची ठिणगी मुद्दाम किंचित उशिरा पाडली जाई. असा भेद कोणत्या कानाला कळणार?

आपल्याकडे आणखी एक अडचण होती, ती पेट्रोलची. भेसळीचे रॉकेल ठोके वाढवते. शिसे ते आवरत असे; पण २००० सालापासून देशभर बिनशिशाचेच पेट्रोल आले, आणि तेही आपल्या आरोग्यासाठी योग्यच झाले. तोवर इलेक्ट्रॉनिक पेटीने पॉइंट हद्दपार करायला सुरुवात केली होती. ब्राझीलमध्ये हवेच्या इंजिनाची शेवटची फोक्सवॅगन व्हॅन २००५ च्या डिसेंबरात बनली. २००९ साली चाकणला त्याच कंपनीचा कारखाना सुरू झाला, तेव्हा तेथून बाहेर पडलेल्या मोटारींत फिरवायला डिस्ट्रिब्युटर उरलेला नव्हता.